चोकला हात लावण्याआधी

चोक म्हणजे कार्ब्युरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) तोंडावरची झडप; थंड इंजिन सुरू होताना ती मिटून हवा कमी करते. तिचं काम पूर्ण थंड इंजिनावरच करायचं, म्हणून गाडी आदल्या रात्रीच उघड्यावर लावून ठेवा. इंजिन कोमट असेल तर ऑटोमॅटिक चोकची द्विधातूची, म्हणजे उष्णतेने आकार बदलणारी, स्प्रिंग सैलावलेली असते, झडप अर्धी उघडी दिसते आणि माप चुकतं.

हाताशी नेमक्या मापाचे स्क्रू-ड्रायव्हर, छोटी पक्कड, कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे, टेस्ट लॅम्प, खुणेपुरता पांढरा रंग, झडपेची फट मोजायला ड्रिलचे दोन-चार बिट आणि पेट्रोलच्या आगीवर चालणारं अग्निशामक असू द्या. फटीचं माप प्रत्येक कार्ब्युरेटरचं वेगळं, ते सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. एअर फिल्टर काढला की कार्ब्युरेटरच्या तोंडावर स्वच्छ फडका टाका. आत पडलेला स्क्रू थेट सिलिंडरपर्यंत जाऊ शकतो.

काळा धूर म्हणजे चोकच, असं धरून चालू नका. तुंबलेला फिल्टर किंवा फ्लोटची (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल ठराविक उंचीवर राखणाऱ्या तरंगत्या भागाची) वर गेलेली पातळीही तेच करते. ते आधी पाहून घ्या.

मग इंजिन बंद ठेवून झडप बोटाने हलवा. अडकत असेल तर दांड्याच्या दोन्ही टोकांना स्प्रे मारा. तेल नको, त्यावर धूळ बसते आणि दांडा पुन्हा अडकतो. हाताचा चोक असेल तर नॉब पूर्ण आत असताना केबलला दोनेक मि.मी. ढील हवी आणि झडप सताड उघडी हवी. ढील नसेल तर झडप किंचित मिटलेली राहते, पेट्रोल जास्त जातं आणि पुढे इंजिन ऑइलही पातळ होतं.

ऑटोमॅटिक चोकमध्ये अ‍ॅक्सिलरेटर एकदा दाबून सोडल्यावरच झडप मिटते. स्प्रिंगच्या टोपणाचे स्क्रू सैल करण्यापूर्वी जुन्या जागेवर रंगाची खूण करा. एका वेळी एकच खाच फिरवा, आणि परिणाम दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर बघा. विजेवरचा चोक असेल तर इंजिन चालू असताना चोकच्या वायरवर टेस्ट लॅम्प लागतो का पहा. ही वायर इग्निशन कॉइलवरून घेतलेली नसावी; ठिणगी कमजोर होते.

सर्वांत जास्त फसवतो तो व्हॅक्यूमचा पडदा. इंजिन सुरू होताच त्याने झडप थोडी ओढून उघडायची असते. पडदा फाटला की गाडी पटकन सुरू होते, काळा धूर ओकते आणि बंद पडते. पुष्कळजण इथे टोपण फिरवून स्प्रिंग ढिली करतात. मग दुसऱ्या सकाळी झडप मिटतच नाही, आणि दोष एकाचे दोन होतात. पडद्याच्या नळीला व्हॅक्यूमचा हातपंप लावून हवा ओढा: झडप उघडून काही सेकंद तशीच टिकली, तर पडदा शाबूत आहे. फिल्टर काढलेला असताना स्टार्टर मारताना चेहरा कार्ब्युरेटरवर नेऊ नका, बॅकफायरची ज्वाळा वर येते.