कासला लहान मुलांना नेताना

कास पठार साताऱ्यापासून साधारण 25 किलोमीटरवर. सप्टेंबरात जायचं तर शनिवार-रविवार सोडा, बुकिंग आधीच करा आणि सकाळी लवकर पोचा. यवतेश्वर घाटात मुलांना गाडी लागते. निघताना भरपेट खायला घालू नका, मोबाइल तर हातात देऊच नका. छत्री घरीच राहू द्या, वारा ती उलटी करतो. टोपीचा रेनकोट बरा, शिवाय गाडीत कोरड्या कपड्यांचा एक जोड. गुळगुळीत तळाच्या चपला नकोत. जांभ्या दगडावर शेवाळ असतं.

कातळावर मातीचा थर अगदी पातळ. सीतेची आसवं ही फुलझाडं त्याच ओल्या थरात उगवतात, जेमतेम बोटभर उंच. चार पावलं पडली की रोपं मातीसकट चेपतात. म्हणून फोटोसाठी पोरांना फुलांत बसवू नका. वाटेच्या कडेला उकिडवं बसवून हातात भिंग द्या. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानावरचे चिकट थेंब आणि त्यांत अडकलेलं चिलट दिसलं की मुलं तिथून हलत नाहीत, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

परतताना धुकं असेल तर हेडलाइट डिपरवरच. अपर लावला की उजेड धुक्यावरून उलटा डोळ्यांवर येतो.