जुनी सव्वीसची ठेवायची की एकोणतीसची घ्यायची?

दुकानात एमटीबी, म्हणजे डोंगरी वाटांची माउंटन बाइक, मागितली की सव्वीस, साडेसत्तावीस आणि एकोणतीस असे तीन आकडे ऐकू येतात. हे इंच जाड टायरसकट चाकाची अंदाजे बाहेरची उंची सांगतात आणि खरेदीच्या वेळी त्यांचा फारसा उपयोग नाही. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत ५४-५५९ किंवा ५७-६२२ असा दुसरा आकडा असतो, तो वाचा. पहिला भाग टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा भाग रिमवर टायरची कड जिथे बसते तिथला व्यास. सव्वीसचा ५५९, साडेसत्ताविसचा ५८४, एकोणतीसचा ६२२.

आता वजाबाकी करून पाहा. ५५९ ते ५८४ हा फरक २५ मिमी, तर ५८४ ते ६२२ हा ३८ मिमी. म्हणजे साडेसत्तावीस बरोबर मधोमध नाही, जुन्या सव्वीसच्या बऱ्यापैकी जवळ आहे. सव्वीस सोडून साडेसत्तावीस घेतली की सगळं बदलेल, असं वाटत असेल तर आधी हे लक्षात घ्या. तिन्हींवर २.२५ इंची टायर चढवला तर बाहेरचा व्यास साधारण ६७३, ६९८ आणि ७३६ मिमी येतो.

टायर घेताना एक घोळ नेहमी होतो. २६ × १.९५ आणि २६ × १ ३/८ हे दोन वेगळे टायर आहेत. दशांशातला ५५९ चा, म्हणजे एमटीबीचा. अपूर्णांकातला ५९० चा, तो टोपलीवाल्या साध्या सायकलींना लागतो. एक दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. फोनवरून नुसतं ‘सव्वीसचा टायर पाठवा’ म्हणालात तर चुकीचा येण्याची शक्यता चांगलीच. उलट एकोणतीसची रिम आणि हायब्रिड सायकलची ७०० सी रिम यांचा व्यास एकच, ६२२. त्यामुळे ४० मिमीचा रस्त्याचा टायर एकोणतीसच्या बहुतेक रिमवर बसतो आणि त्याच सायकलवर डांबरी लांब पल्ला बराच हलका होतो. फक्त रिमच्या आतल्या रुंदीला तो टायर चालतो ना, एवढं पाहून घ्या.

सव्वीस हा आकार कुणी प्रयोगशाळेत ठरवलेला नाही. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत पोरं जुन्या, जाड टायरच्या श्विन सायकली डोंगरावरून खाली पळवायची. त्या सायकलींना सव्वीसची चाकं होती, म्हणून एमटीबीलाही तीच आली. एकोणतीससाठी खराखुरा जाड टायर १९९९ च्या सुमारास आला. साडेसत्ताविसचा २००७ मध्ये. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं सुवर्ण एकोणतीसवर आणि रौप्य साडेसत्ताविसवर गेलं, आणि पुढच्या काही वर्षांत कंपन्यांनी महागड्या मॉडेलमधून सव्वीस काढून टाकली. त्याचा आजचा परिणाम असा की साधे सव्वीसचे टायर, ट्यूब आणि स्पोक तालुक्याच्या गावातही मिळतात, पण सव्वीसचा चांगला एअर फोर्क (पुढच्या चाकाचा, हवेच्या दाबावर चालणारा सस्पेन्शन फोर्क) किंवा हलकं चाक शोधत फिरावं लागतं.

चालवताना फरक किती पडतो? मोठं चाक दगडावरून तरंगत जातं, असं विक्रेता सांगतो. १० सेंटिमीटरच्या पायरीवर सव्वीसचं चाक साधारण ४५ अंशांनी आदळतं, एकोणतीसचं ४३ अंशांनी. एका दगडाला हा फरक कळतही नाही. तासभर सलग दगडगोट्यांत असाल तर मनगटांना कळतो. त्याहून मोठा फरक कुणी सहसा सांगत नाही, तो म्हणजे पायडलच्या अक्षाचा. दोन्ही सायकलींत बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलचे दांडे ज्या अक्षावर फिरतात तो भाग, जमिनीपासून साधारण ३१० मिमीवर असतो. पण सव्वीसच्या हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचा, अक्ष ३३६ मिमीवर आणि एकोणतीसचा ३६८ मिमीवर. म्हणजे एकात बॉटम ब्रॅकेट चाकाच्या अक्षाखाली जेमतेम २५ मिमी, दुसऱ्यात जवळपास ६० मिमी. उतारावर एकोणतीस गंभीर आणि स्थिर वाटते, तोंडावर पडण्याची भीती कमी होते, ती मुख्यतः यामुळे.

याची किंमत वजनात मोजावी लागते. रिम साधारण ११ टक्के लांब, टायर आणि स्पोकही लांब. महागड्या चाकात हे झाकलं जातं. स्वस्त सायकलीत जाड रिम आणि तारेच्या कडेचे जड टायर असतात, तिथे एकोणतीस चढावर आणि सिग्नलवरून निघताना सुस्त वाटते. शिवाय लांब स्पोक बाजूच्या धक्क्याला जास्त लवतो, म्हणून स्वस्त एकोणतीसचं चाक लवकर आउट होतं, म्हणजे डगमगत फिरतं. नवी सायकल १००-१५० किलोमीटर चालली की दोन्ही चाकांचे स्पोक एकदा ताणून आउट काढून घ्या. हे दुकानदार आपणहून सांगत नाही, मागावं लागतं.

उंची आणि जमीन

नवी घेताना आधी उंची पाहा. १६० सेंटिमीटरच्या आत असाल तर साडेसत्तावीस घ्या. लहान फ्रेममध्ये एकोणतीसचं पुढचं चाक बसवलं की हँडल वर जातं आणि तीव्र वळणात बुटाचं टोक टायरला लागू शकतं. दुकानात हे तपासायला अर्धा मिनिट पुरतं. सायकलवर बसा, पायडल आडवे करा, पुढचा पाय पायडलवर ठेवून हँडल त्या पायाच्या विरुद्ध बाजूला पूर्ण वळवा. बूट टायरला लागला तर ती फ्रेम तुमच्यासाठी नाही. काही कंपन्या म्हणूनच एकाच मॉडेलच्या लहान फ्रेमना साडेसत्तावीस आणि मध्यमपासून पुढे एकोणतीस देतात. १७० च्या वर असाल तर एकोणतीस घ्यायला हरकत नाही. मधल्या उंचीला दोन्ही चालवून पाहा. आठवीतल्या मुलाला ‘वाढत्या अंगाची’ म्हणून एकोणतीस घेऊ नका. सायकल कपड्यासारखी दुमडून घेता येत नाही, तो दोन वर्षं ती घाबरत चालवेल.

मग जमीन. सह्याद्रीच्या सुट्या बेसाल्टच्या वाटा आणि कोकणातल्या जांभ्याच्या खडबडीत सड्यांवर एकोणतीस आपले पैसे वसूल करते. झाडीतून, तीव्र वळणांच्या, थांबत-निघत जाणाऱ्या अरुंद वाटांवर लहान चाक पटकन वळतं आणि पटकन उचलतं. पण मराठवाड्यात, विदर्भात, सोलापूरकडे काळ्या मातीत पावसाळ्यात चालवणार असाल, तर चाकाच्या आकारापेक्षा टायर आणि फ्रेममधली जागा महत्त्वाची. ती माती टायरला थरावर थर चिकटते आणि सीटस्टेच्या (सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या दोन नळ्यांच्या) पुलाजवळ गच्च बसते. शेवटी चाक फिरायचंच थांबतं आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. फ्रेममध्ये २.४ चा टायर बसत असेल, तरी पावसाळ्यात मुद्दाम २.१ लावा आणि दोन्ही बाजूंना किमान बोटभर मोकळी जागा ठेवा.

घरातल्या सव्वीसला मोठं चाक बसेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. उत्तर बहुतेक वेळा ‘बसेल, पण मिळणार काही नाही’ असं असतं. २६ × २.३५ टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६७९ मिमी. २७.५ × १.९ चा ६८०. जुन्या फ्रेममध्ये साडेसत्ताविसचं चाक बसवायचं तर टायर एवढा बारीक करावा लागतो की मोठ्या चाकाचा फायदा तिथेच संपतो. त्यापेक्षा फ्रेममध्ये जागा असेल तर सव्वीसलाच २.२५ किंवा २.३५ चा चांगला टायर लावा. खर्च दोन टायरचा, बाकी काही बदलावं लागत नाही.

तरीही करायचंच असेल, तर चाक विकत घेण्याआधी मापं घ्या. टायरचा माथा १२.५ मिमी वर जाणार आहे. आताच्या टायरच्या माथ्यापासून चेनस्टेच्या (चेनलगतच्या खालच्या दोन नळ्यांच्या) पुलापर्यंत, सीटस्टेच्या पुलापर्यंत आणि फोर्कचे दोन पाय जोडणाऱ्या कमानीपर्यंतचं अंतर मोजा. टायर तेवढाच जाड ठेवणार असाल तर १२.५ वजा करूनही सगळीकडे किमान ६ मिमी उरलं पाहिजे. फोर्कमध्ये आणखी एक जागा फसवते. कमान चाकाबरोबर वर जाते, त्यामुळे तिथलं अंतर फोर्क दाबला तरी तेवढंच राहतं. फोर्कचा क्राउन, म्हणजे दोन्ही पाय वर जिथे जोडलेले असतात तो भाग, मात्र जागेवर असतो. एअर फोर्क असेल तर हवा पूर्ण सोडून फोर्क तळापर्यंत दाबा आणि टायर व क्राउनमधलं अंतर पाहा. हे न पाहता खड्ड्यात गेलात आणि टायर क्राउनला टेकला, तर चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो.

ब्रेक डिस्कचे असतील तर ब्रेकला चाकाच्या आकाराचं काही पडलेलं नसतं. रिमला पकडणारे व्ही-ब्रेक असतील तर गाडी इथेच अडते. नव्या रिमची कड १२.५ मिमी वर गेली आणि पॅड सरकवायच्या खाचेत सहसा तेवढी जागा नसते. पॅड अर्धा टायरवर घासला तर काही दिवसांत टायर कापला जातो.

हबचं मापही पाहा. जुन्या सव्वीसला पुढे १०० आणि मागे १३५ मिमीचा, खटका ओढून सुटणारा क्विक रिलीज हब असतो. आजची बरीच चांगली चाकं पुढे ११० आणि मागे १४८ मिमीची, जाड थ्रू-अ‍ॅक्सलची (आरपार जाणाऱ्या आसाची) असतात. ती जुन्या फ्रेममध्ये बसत नाहीत आणि फ्रेम ताणून बसवायचा प्रयत्न अजिबात करू नये. सात गिअरची जुनी सायकल असेल तर मागे बहुधा आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं. नव्या चाकावर कॅसेट, म्हणजे हबवर सरकवून बसवायचा गिअरचा संच, लागते, म्हणजे गिअरचा खर्च वेगळा. नवा फोर्क घ्यायचा विचार असेल तर हेडट्यूब, म्हणजे फोर्क जिच्यात फिरतो ती फ्रेमची पुढची नळी, मोजा. आतून ३४ मिमीची सरळ नळी असेल तर खाली जाड होत जाणारा आजचा टेपर्ड स्टीअरर (फोर्कची वरची नळी) तिच्यात जाणार नाही.

पुढे एकोणतीस आणि मागे साडेसत्तावीस अशी मिश्र रचना २०१९ पासून स्पर्धांतही चालते. उतारावर मागचं चाक पार्श्वभागाला लागत नाही, हा तिचा खरा फायदा. पण ती त्यासाठीच बनवलेल्या फ्रेममध्ये घ्या. साडेसत्ताविसच्या हार्डटेलला, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलीला, पुढे एकोणतीसचा फोर्क आणि चाक लावलं की पुढची बाजू ३५-४० मिमी उचलली जाते, हेड अँगल, म्हणजे हेडट्यूबचा कोन, दीड-दोन अंशांनी झुकतो आणि चढावर पुढचं चाक भरकटायला लागतं.

चाक बदललं की काय काय बदलतं

गिअर जड होतो. सव्वीसवर ३२ दातांची चेनरिंग (पायडलजवळची दातेरी चकती) जेवढी जड वाटायची, तेवढीच एकोणतीसवर साधारण २९ दातांची वाटते. म्हणून घाटात चालवणाऱ्यानं एकोणतीसला ३० किंवा २८ ची चेनरिंग घ्यावी. पुढे तीन चेनरिंगची जुनी क्रँक असेल तर त्यांत बहुधा पुरेशी लहान चेनरिंग असते.

वायरवाल्या मीटरमध्ये चाकाचा घेर नवा भरा. २.२५ टायरला सव्वीसचा साधारण २११४ मिमी आणि एकोणतीसचा २३१२. जुना घेर तसाच ठेवला तर १०० किलोमीटर चालवून मीटर ९१ दाखवेल.

अडचणीच्या वेळी सव्वीसची ट्यूब साडेसत्तावीस किंवा एकोणतीसमध्ये ताणून घालता येते, घरापर्यंत नेते. मोठी ट्यूब लहान चाकात घातली तर घडी पडते आणि त्या घडीवरच पुन्हा पंक्चर होतं. व्हॉल्व्हही पाहून ठेवा. चांगल्या एकोणतीसच्या रिमला बहुधा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हचं ६.५ मिमीचं भोक असतं, आणि रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याच्या पंपाला तो व्हॉल्व्ह लागत नाही. पितळी अ‍ॅडॅप्टर छोटी वस्तू आहे, सीटखालच्या पिशवीत एक असू द्या. स्पोकचंही तसंच. एकोणतीसचा स्पोक सव्वीसपेक्षा सुमारे ३० मिमी लांब, आणि गावातल्या दुकानात तो मिळेलच असं नाही. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या लांबीचे स्पोक असतात. दोन्हींचे दोन-दोन, निपलसकट, हँडलच्या नळीत किंवा फ्रेमला टेपनं चिकटवून ठेवा.

हवा जुन्या सवयीनं ५० पीएसआय भरू नका. ७० किलोच्या माणसाला ट्यूबसह २९ × २.२५ मध्ये मागे ३० आणि पुढे २७-२८ पासून सुरुवात करा. दगडावर रिम ठक्कन लागली तर दोन वाढवा, खडीवर सायकल उसळत राहिली तर दोन कमी करा. टायरच्या कडेवर छापलेला आकडा बहुधा कमाल मर्यादेचा असतो, तिथपर्यंत भरायलाच हवं असं नाही.