लॉकडाऊनवर वाद घालायचाय? आधी तारीख सांगा

आमच्या चाळीच्या गणेशोत्सवात पाचव्या दिवशी रात्री वादविवाद असतो. गेल्या वर्षीचा विषय होता ‘कोरोनाची साथ सरकारने योग्य रीतीने हाताळली’, आणि परीक्षक मी. सातव्या मिनिटाला बोलणं ऑक्सिजनवरून निवडणुकीवर घसरलं. दहाव्या मिनिटाला दोन थोराड माणसं कोण कुणाला मत देतो ते काढू लागली. शेवटी मंडळाच्या एका पोरानं माइकची पिनच उपटली.

यंदाही विषय तोच ठेवलाय, मुद्दाम. दुसऱ्या मजल्यावरची तीन कॉलेजातली मुलं ‘बाई, तयारी करून घ्या’ म्हणून रोज संध्याकाळी गॅलरीत येऊन बसतात. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते. तुमच्या सोसायटीत, ऑफिसात किंवा ७.४२ च्या लोकलमध्ये हाच विषय निघाला तर उपयोगी पडेल.

आधी माझ्याबद्दल. मी पालिकेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आम्हा शिक्षकांना कोविड ड्युटी लागली. सुरुवातीला घरोघरी सर्वेक्षण, पुढे वॉर रूममध्ये, म्हणजे रुग्णांना खाट मिळवून देणाऱ्या पालिकेच्या कक्षात, फोनवर. म्हणजे या विषयात मी तटस्थ नाही, तुम्हीही नसाल. बोलायला उभं राहिलात की पहिल्याच वाक्यात हे सांगून टाका. समोरच्याने मागाहून शोधून काढलं तर तुमचे बाकीचे चांगले मुद्देही फुकट जातात.

आता विषय. ‘सरकारने साथ नीट हाताळली का’ यावर फक्त भांडण होतं. वाद घालायचा तर विषय कापून लहान करावा लागतो. सुरी पहिल्यांदा ‘सरकार’ या शब्दावर चालवा. मुंबईत आपल्या डोक्यावर त्या वेळी निदान तीन सरकारं होती. देशभरचा लॉकडाऊन केंद्राचा, आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली. जिल्हाबंदी, दुकानांच्या वेळा राज्याच्या. खाटा, वॉर रूम, सार्वजनिक शौचालयांची फवारणी पालिकेची. लोकलचं तर विचारूच नका. गाड्या रेल्वेच्या, पण चढणार कोण यावर राज्याची पत्रं. राज्याने महिलांसाठी १७ ऑक्टोबर २०२० पासून लोकल खुली करायला सांगितली आणि रेल्वेने केली २१ पासून. ते चार दिवस कुणाच्या खात्यावर टाकायचे? यावर आमच्या गॅलरीत पाऊण तास गेला, पण तो खरा वाद होता, कारण दोघांच्याही हातात तारखा होत्या.

म्हणून माझी पहिली अट: एक दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर निर्णय, कुणी घेतला, कधी. उजव्या पानावर त्या दिवशी काय माहीत होतं. उजवं पान भरताना खरी मेहनत लागते, कारण आज आपल्याला जे माहीत आहे ते नकळत तिथे शिरतं. मास्कचंच घ्या. मुंबईत ८ एप्रिल २०२० ला मास्क सक्तीचा झाला. जागतिक आरोग्य संघटनेने सर्वसामान्य लोकांना गर्दीच्या जागी मास्क वापरायचा सल्ला दिला तो जूनमध्ये. एप्रिलमध्ये आपण पालिकेला ‘फडकं बांधून काय होणार’ म्हणून हसत होतो. वहीत मात्र पालिका दोन महिने पुढे दिसते.

उलटही होतं. ‘तेव्हा कुणालाच काही कळत नव्हतं’ हा बचाव मार्च २०२० ला चालतो. एप्रिल २०२१ ला, हरिद्वारला कुंभ आणि बंगालात प्रचारसभा चालू असताना, तोच बचाव ऐकून घेऊ नका. वर्षभराचा अनुभव उजव्या पानावर लिहिलेला असतो.

आता एक निर्णय घेऊन दाखवते, कारण नुसत्या सूचनांनी काही होत नाही. २४ मार्च २०२० ची रात्र. आठ वाजता घोषणा, बारापासून लागू. मधले तास चार. देशात नोंदलेले रुग्ण तेव्हा पाचशेच्या आसपास. प्रश्न एवढाच ठेवा: चार तासांऐवजी चार दिवस दिले असते तर?

निर्णयाच्या बाजूने बोलणारा म्हणेल की चार दिवसांत कुर्ला टर्मिनसवर चेंगराचेंगरी झाली असती आणि शहरातली साथ थेट गावात पोचली असती. मुद्दा दमदार आहे, त्याला हसू नका. विरोधातला म्हणेल, साथ गावात पोचलीच, फक्त उशिरा आणि जास्त घेऊन. १४ एप्रिलला वांद्रे स्टेशनबाहेर हजारो मजूर जमले. श्रमिक गाड्या १ मेपासून सुटल्या, तोवर मुंबईतली साथ मार्चच्या कितीतरी पट झाली होती. ज्यांना गाडी मिळाली नाही ते चालत निघाले. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. माझं मत विचाराल तर चार दिवस आणि जादा गाड्या द्यायला हव्या होत्या. पण हे मत मी मुलांना शेवटी सांगितलं, आधी दोन्ही बाजू त्यांच्याकडून लिहून घेतल्या.

इथे आमच्या चाळीतले नाना मध्ये पडले. ‘ते लोक थांबले असते तर काय बिघडलं असतं? जेवण देत होते ना?’ नाना मूळचे देवगडचे. तिघांतली जी मुलगी आहे, तिने शांतपणे विचारलं, ‘नाना, तुमचा ई-पास कितव्या तारखेचा होता?’ मेच्या मध्यावर जिल्ह्याबाहेर जायचा तो पास काढून नाना वहिनींना आणि दोन नातवंडांना घेऊन गावी गेले होते आणि गावच्या शाळेत चौदा दिवस सतरंजीवर झोपले होते. अख्ख्या मजल्याला ठाऊक आहे.

त्या मुलीला मी तेव्हाच म्हटलं, हा टोमणा नको, याचा मुद्दा कर. साथ आली की मुंबईतला माणूस गाव गाठतो, हे आजचं नाही. १८९६ ला मांडवीत प्लेग सापडला तेव्हा लाखो लोक शहर सोडून गेले. ज्या साथरोग कायद्याखाली २०२० मध्ये आपल्याला दंड होत होता, तो १८९७ चा कायदा त्या प्लेगमुळेच आला. झडत्या घेऊन माणसं उचलून नेतात म्हटल्यावर लोक तेव्हाही आजारी माणूस लपवायचे. सर्वेक्षणाला गेल्यावर दार किलकिलं करून ‘आमच्याकडे कुणाला ताप नाही’ म्हणणाऱ्या बाया मी पाहिल्यात, आणि आत खोकल्याचा आवाज ऐकलाय. म्हणजे लोक काय करतील हे धोरण आखणाऱ्यांना माहीत असायला हवं होतं. असा मुद्दा मांडलात तर नानासुद्धा तुमच्या बाजूला येतात. खरंच आले.

आकड्यांकडे वळू. इथे बहुतेकांची दांडी उडते. मुलांनी कुठून तरी आणलं होतं, ‘धारावीत ५७ टक्के लोकांना कोरोना होऊन गेला होता.’ मी विचारलं, कुठल्या वॉर्डात मोजलं? गप्प. जुलै २०२० चं ते सर्वेक्षण पालिका, निती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं. ते झालं आर उत्तर, एम पश्चिम आणि एफ उत्तर या तीन वॉर्डांत, म्हणजे दहिसर, चेंबूर, माटुंगा या बाजूला. तिथल्या झोपडपट्ट्यांत ५७ टक्के, इमारतींत १६ टक्के. धारावी येते ‘जी उत्तर’ वॉर्डात. आकडा बरोबर, पत्ता चुकीचा. समोर कुणी जाणकार असता तर त्या एका चुकीवर तुमचं उरलेलं भाषण त्याने गिळलं असतं.

तोच आकडा दोन्ही बाजूंना वापरता येतो, हेही बघून ठेवा. एक म्हणेल, वस्तीत साथ आधीच पसरून गेली होती, मग आटोक्यात आणली कशाला म्हणता? दुसरा म्हणेल, एवढी पसरूनही आरोग्य यंत्रणा कोसळली नाही, हीच कामगिरी. धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० ला सापडला आणि १० जुलैला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव जगापुढे घेतलं. मधल्या शंभर दिवसांत काय केलं ते सांगा: घरोघरी तपासणी, शाळा-सभागृहांत विलगीकरण, शौचालयांची पुन्हापुन्हा फवारणी. नुसतं ‘धारावी मॉडेल’ म्हणून खाली बसू नका.

मृत्यूंच्या आकड्याला हात लावाल तेव्हा आवाज खाली आणा. जून २०२० मध्ये मुंबईच्या यादीत आधी न मोजलेले ८६२ मृत्यू एकदम वाढवले गेले. देशाचा २०२० आणि २०२१ चा अधिकृत आकडा सुमारे ४ लाख ८० हजार. जागतिक आरोग्य संघटनेचा मे २०२२ चा अंदाज ४७ लाख, आणि केंद्राने त्या पद्धतीवर आक्षेप घेतला. अंदाज निघतो असा: एरवी वर्षाला जेवढे मृत्यू होतात त्याहून किती जास्त झाले. त्यात कोरोनाने गेलेले येतात, तसे दवाखान्यात वेळेवर न पोचलेले डायलिसिसवालेही येतात. तेव्हा ४७ लाखांना ‘अंदाज’च म्हणा, आणि आक्षेपही तुम्हीच सांगा. समोरच्याला तो सांगायची संधी ठेवू नका.

परदेशी तुलना मी जवळजवळ बंदच केली आहे. न्यूझीलंडने आपल्या पाठोपाठ, २५ मार्चच्या रात्री कडी लावली, पण तो अख्खा देश मुंबईच्या निम्म्याहून कमी माणसांचा, चहूकडून समुद्र. स्वीडनचं नाव घेणाऱ्याने तिथल्या आयोगाचा फेब्रुवारी २०२२ चा अहवालही सांगावा. तो म्हणतो, सक्तीऐवजी सल्ल्यावर भर देणं मुळात बरोबर होतं, पण सुरुवातीला जास्त कडक पावलं लवकर उचलायला हवी होती. दोन्ही बाजूंना अर्धी अर्धी भाकरी. त्यापेक्षा घरातली तुलना करा, मुंबई आणि दिल्ली, एप्रिल-मे २०२१. १७ एप्रिलच्या रात्री ऑक्सिजन संपत आला म्हणून मुंबईत सहा रुग्णालयांतून १६८ रुग्ण हलवले. ५ मेला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीला मुंबईकडून शिकायला सांगितलं. एकच देश, एकच लाट, मग फरक कशाने पडला? वादाला इथे मजा येते.

आता स्वतःचा अनुभव. तो साक्ष म्हणून आणा, आणि आकड्यानंतर आणा. एका रात्री दोनच्या सुमाराला वॉर रूमचा फोन वाजला. वडिलांचं ऑक्सिमीटर ८६ दाखवतंय. माझ्यासमोर रजिस्टर, ऑक्सिजन खाटेच्या रकान्यात पूज्य. मी नाव-पत्ता लिहून घेतला, पालथं झोपवायला सांगितलं. अडीचला तोच मुलगा: ‘बाई, ८४.’ त्याला माझं नाव ठाऊक नव्हतं, पण मी शिक्षिका आहे हे कसं कोण जाणे कळलं होतं. तिसऱ्या वेळी तो आकडाच बोलला, ‘८१’, बाकी काही नाही. खाट मिळाली पाच वीसला. पुढे काय झालं ते कळलं नाही, कारण माझी पाळी सातला संपली. ही गोष्ट यंत्रणा अपुरी पडली म्हणूनही सांगता येते आणि रात्री दोनला फोन उचलणारं कुणीतरी होतं म्हणूनही. मी दोन्हीकडून ऐकली आहे आणि दोन्ही वेळा माझ्या पोटात सारखंच कालवलं.

चाळीची कसोटीही लावून बघा. ‘घरात राहा’ हे धोरण दहा बाय बाराच्या खोलीत, सात माणसांत, गॅलरीच्या टोकाला सामायिक संडास असताना कसं पाळायचं? कुठलाही नियम बोलाल तर आपल्या मजल्यावर तो कसा दिसला हे दोन वाक्यांत सांगा.

खंडनाबद्दल एकच सांगते, आणि त्यात माझीच फजिती आहे. शाळांवर माझा राग अजून गेलेला नाही. राज्यात ५ ऑक्टोबर २०२० ला हॉटेलं आणि बार उघडले. मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग उघडले ४ ऑक्टोबर २०२१ ला. एक दिवस कमी, एक वर्ष. पहिली ते सातवी तर १५ डिसेंबरला. माझ्या वर्गातल्या ४३ मुलांपैकी स्वतःचा फोन असलेली सहा होती. हे मी मुलांना तारखांसकट ऐकवलं आणि म्हटलं, करा खंडन.

ती मुलगी म्हणाली, ‘बाई, आधी तुमचं मान्य करते. बारच्या आधी शाळा उघडायला हव्या होत्या. पण आमच्या खोलीत आजी होती, मी आणि ती एकाच गादीवर. लस तिला मार्च २०२१ मध्ये मिळाली. त्याआधी मला शाळेत पाठवलं असतं तर तुम्ही जबाबदारी घेतली असती?’

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नीट सुचलेलं नाही. खंडन असं करा: समोरच्याचा सर्वांत भक्कम मुद्दा त्याच्याहून चांगला मांडा, त्यातलं खरं ते मान्य करा, आणि मग उरलेल्या जागेत बोट घाला.

यंदाचे नियम मंडळाने मान्य केलेत. कुठल्याही पक्षाचं किंवा नेत्याचं नाव घेतलं की पाच गुण कमी. तारखेशिवाय निर्णय सांगितला की दोन गुण कमी. वेळ प्रत्येकी सहा मिनिटं. टॉस साडेआठला आहे आणि बाजू तेव्हाच कळेल, म्हणून वहीची दोन्ही पानं घेऊन या. नानांना या वर्षी घंटा वाजवायचं काम दिलंय.