नदीकाठच्या छोट्या शहराचा इतिहास लिहायचाय? आधी पुराच्या खुणा शोधा

बरेच जण सुरुवात करतात ती शहर कोणी वसवलं यापासून, आणि तिथेच अडकतात. माझं ऐका, नदीपासून सुरू करा, कारण शेतीवर जगणाऱ्या शहरात घरं कुठे बांधली, बाजार कुठे भरला, कोण कधी सोडून गेलं हे सगळं पाण्याने ठरवलेलं असतं.

पहिल्या दिवशी वही घेऊन नुसतं फिरा. नदीच्या अगदी काठाला बऱ्याचदा जमीन जरा उंच असते, दरवेळच्या पुरात गाळ साचून साचून झालेली, जुनी वस्ती बहुतेक तिथेच सापडते आणि नवीन कॉलन्या मागच्या सखल भागात. वळणावर नदी बाहेरचा काठ खाते आणि आतल्या बाजूला गाळ टाकते, त्यामुळे जुना नावेचा धक्का आज पाण्यापासून लांब, शेतातही सापडू शकतो, म्हणून जुना मोजणीचा नकाशा आणि आजचा सॅटेलाइट फोटो शेजारी ठेवून बघाच.

मग भिंती बघा. जर्मनीत पासाऊच्या टाऊन हॉलवर 1501 पासून 2013 पर्यंतच्या पुरांच्या रेषा आहेत. रस्त्यांची नावं पण सोडू नका. हंगेरीतलं सेगेड, तिसा नदीकाठचं, मिरचीसाठी प्रसिद्ध, 1879 च्या मार्चमधल्या पुरात सुमारे 5,700 घरांपैकी फक्त 265 उरली, आणि नंतर शहर परत उभं राहिलं तेव्हा रिंगरोडच्या भागांना मदत पाठवणाऱ्या शहरांची नावं दिली, रोम, पॅरिस, लंडन, व्हिएन्ना वगैरे. म्हणजे रस्त्यावरची पाटी वाचली तरी मदत कुठून आली ते कळतं!

आता सगळ्यात महत्त्वाचं, माणसं. कागदावर जमीनमालक असतो, नावाडी, शेतमजूर, हंगामापुरते आलेले लोक, बियाणं जपणाऱ्या बायका नसतात, म्हणून आधी त्यांच्याकडे जा आणि वेळ घेऊन बसा. सन विचारू नका, आठवत नाही. "पाणी घरात कुठपर्यंत आलं होतं?" असं विचारा, हात लगेच भिंतीकडे जातो आणि मग तासभर बोलणं थांबत नाही. मुलं केवढी होती, त्या वर्षी शेतात काय उभं होतं हे विचारलं की साल आपोआप सापडतं, मग ते जुन्या पेपरात किंवा जन्ममृत्यूच्या रजिस्टरमध्ये ताडून बघा. रेकॉर्डिंगआधी परवानगी घ्या आणि नंतर त्यांना त्याची कॉपी द्या, हे मला फार गरजेचं वाटतं.

जुने फोटो मिळाले तर घरी नेऊ नका, तिथेच स्कॅन करा, मागच्या बाजूला नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलने, पेनची शाई पुढे उतरते. दोघांनी एकच पूर वेगवेगळा सांगितला तर एकाचं खोडू नका, दोन्ही लिहा आणि कोण कुठल्या गल्लीत राहत होतं ते बाजूला टाका, कारण बऱ्याचदा दोघंही खरंच सांगत असतात, फक्त एकाचं घर उंचावर होतं.