कांद्याच्या सालींत लोकर रंगवायची ती अशी

आमच्या निफाड तालुक्यात कांदा चाळ नाही असं शेतकऱ्याचं घर शोधावं लागेल. मार्च-एप्रिलमध्ये काढलेला उन्हाळ कांदा चाळीत भरतात आणि पुढे पावसाळाभर भाव बघून थोडा थोडा बाहेर काढतात. बायका निवडायला बसल्या की त्यांच्या पायाशी सालींचा ढीग लागतो. मी पहिल्यांदा गोणी घेऊन गेले तेव्हा चाळीवरचे काका म्हणाले, "अहो ताई, हे तर आम्ही उकिरड्यावर टाकतो. लागेल तेवढं न्या." शहरात असाल तर घरातल्या साली डब्यात साठवा आणि भाजीवाल्याला सांगून ठेवा. साली कोरड्या, पातळ, कुरकुरीत हव्यात. काळी बुरशी धरलेल्या घेऊ नका.

साली फुकट मिळतात, लोकर मात्र खरी हवी. बाजारात 'लोकर' म्हणून जे गुंडे मिळतात, त्यातले बरेचसे ॲक्रिलिकचे असतात आणि त्यांवर स्वयंपाकघरातला कुठलाच रंग बसत नाही. वीतभर धागा चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा. केस जळाल्यासारखा वास आला आणि बोटांनी चुरडली जाणारी राख झाली, तर ती मेंढीची लोकर. वितळून टोकाला कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. मी आता ही परीक्षा केल्याशिवाय गॅस पेटवत नाही.

गुंडा आहे तसा रंगवता येत नाही, आत रंग पोचत नाही. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून त्याची लडी करा आणि चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधा. घट्ट बांधलंत तर तिथे पांढरे पट्टे राहतात. मग रिठ्याच्या कोमट पाण्यात धुऊन लडी रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा. कोरडी लोकर पातेल्यात टाकली की रंग ठिपक्याठिपक्यांनी चढतो.

आता तुरटी. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. साल रंग देते, पण तो धाग्याला धरून ठेवायचं काम तुरटीतला ॲल्युमिनियम करतो. शंभर ग्रॅम कोरड्या लोकरीला बारा ग्रॅम तुरटी, वजनकाट्यावर मोजून. 'थोडी जास्त टाकू' असा मोह होतो, पण जास्त झाली की लोकर चिकट लागते. तुरटीची पूड वाटीभर गरम पाण्यात पूर्ण विरघळवा, ती चार-पाच लिटर कोमट पाण्यात ओता आणि ओली लडी त्यात सोडा. मंद आचेवर तासाभरात पाणी वाफाळू द्या, खळखळू देऊ नका. पुढे पाऊण तास तसंच ठेवा, गॅस बंद करा आणि लडी त्याच पाण्यात रात्रभर निवू द्या. पातेलं स्टीलचं घ्या, आणि एकदा रंगाला घेतलेलं पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. लोखंडी कढई तर नकोच, तिच्याने रंग काळवंडतो.

सालींचं प्रमाण सोपं आहे: जितकी लोकर तितक्याच वजनाच्या कोरड्या साली. शंभर ग्रॅम साली म्हणजे मोठी पिशवी भरून होतात, हलक्या असतात ना! त्या रात्रभर भिजवून सकाळी तासभर उकळा. पाणी आधी चहासारखं होतं, मग काकवीसारखं गडद. सुती फडक्यातून दोनदा गाळा. बारीक तुकडा राहिला तर तो लोकरीत अडकतो आणि विणताना बोटाला टोचतो. गाळलेलं पाणी कोमट होऊ द्या, तुरटीतून काढलेली लडी हलकी पिळून त्यात सोडा आणि पुन्हा तसंच हळूहळू तापवा. ढवळायचं नाही, लाकडी काठीने अधूनमधून उलटायचं. लोकर घुसळली किंवा गरमातून एकदम गार पाण्यात टाकली की आटते आणि तिचा नमदा होतो. पाऊण तासाने गॅस बंद. लडी त्याच पाण्यात पूर्ण निवू द्या, मगच काढा.

पहिली पाच मिनिटं मी पातेल्यापासून हलत नाही. पांढरी लडी आधी लिंबासारखी पिवळी होते, मग हळदीसारखी, आणि बघता बघता तांब्यावर येते. उन्हाळ कांद्याच्या फिक्या सालींनी मला सोनेरी ते तांबूस नारिंगी रंग मिळतो. खरिपातल्या लाल कांद्याच्या गडद सालींना तुरटीबरोबर हिरवट, खाकी छटा येते. लाल सालीतून लाल रंग येईल असं धरून चालू नका.

हळदीबद्दल सगळे विचारतात. हळदीचा रंग सुंदर, पण उन्हात उडतो. मी बहिणीच्या नातवाला हळदीत रंगवलेल्या लोकरीची टोपी विणून दिली होती. तिने ती कपड्यांच्या साबणाने धुतली आणि टोपीवर कुंकवासारखे लाल डाग आले. कुंकू तसंच तर होतं, हळदीला चुना लावून! साबणातला क्षार हळदीला लाल करतो. मला फार वाईट वाटलं, कारण बाळाच्या अंगावरची ती पहिलीच वस्तू होती. बिटाचं तर नावच काढू नका. पातेल्यात डोळे दिपतात आणि धुतल्यावर मळकट गुलाबी उरतं. डाळिंबाची साल मात्र जरूर वापरा, तिचा पिवळा चांगला टिकतो.

सुती दोरा रंगवायचा असेल तर नुसत्या तुरटीने भागत नाही. शंभर ग्रॅम सुताला वीस ग्रॅम हिरड्याची पूड गरम पाण्यात कालवून त्यात सूत रात्रभर ठेवा, पिळून सावलीत वाळवा आणि मग तुरटीत घाला. हिरड्यातला तुरटपणा सुताला तुरटी धरायला मदत करतो. पूड काष्ठौषधींच्या दुकानात मिळते.

रंगलेली लडी कोमट पाण्यात, पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळा आणि सावलीत दांडीवर टाका. मी प्रत्येक लडीचा थोडा धागा पुठ्ठ्यावर गुंडाळून, त्याचा अर्धा भाग जाड कागदाने झाकून पंधरा दिवस खिडकीत ठेवते. झाकलेला आणि उघडा भाग सारखा दिसला, तरच ती लोकर भेट द्यायच्या स्वेटरला घेते. उरलेलं रंगाचं पाणी ओतू नका. त्यात दुसरी लडी घातली की लोण्यासारखा फिका पिवळा येतो, आणि गडद स्वेटरच्या गळ्याला आणि बाह्यांच्या पट्टीला तोच लावायचा.