छोट्या ख्रिश्चन कॉलेजची फी: एच-४ वाल्या घरांसाठी

अवॉर्ड लेटरं, म्हणजे कॉलेज किती आर्थिक मदत देणार ते सांगणारी पत्रं, यायला लागली की मराठी मंडळातल्या नव्या मंडळींचे फोन सुरू होतात. त्यातले बरेच एच-४ वाले: एच-१ या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदाराला आणि मुलांना मिळतो तो एच-४. आम्ही पश्चिम मिशिगनमध्ये, त्यामुळे ग्रँड रॅपिड्सचं कॅल्व्हिन आणि हॉलंडचं होप ही नावं हमखास निघतात. दोन्ही डच रिफॉर्म्ड परंपरेतली.

धर्माचं आधी उरकतो, कारण सगळे तिथंच अडतात. पोरं बाटतील वगैरे भीती सोडा. आपल्याकडे विल्सन आणि झेवियर्समधून किती पिढ्या शिकून बाहेर पडल्या. मात्र प्रत्येक कॉलेज वेगळं. इलिनॉयच्या व्हीटनसारख्या ठिकाणी श्रद्धेच्या करारावर सही लागते, काही ठिकाणी चॅपलमधल्या प्रार्थनेची हजेरी मांडतात, काही ठिकाणी धर्माचे एकदोन कोर्स केले की झालं. अर्ज करण्यापूर्वी विचारून घ्या. चर्चनं दिलेल्या रकमेत कॉलेजनं भर घालायची, अशीही एक स्कॉलरशिप अनेक ठिकाणी असते. ती आपली नव्हे, हिशेबात धरू नका.

आता पैसे. छापील फी बघून घाबरू नका. खाजगी कॉलेजं पहिल्या वर्षाच्या मुलांना सरासरी निम्म्याहून जास्त ट्यूशन (राहणं-खाणं सोडून नुसती शिक्षणाची फी) स्वतःच सोडतात. म्हणजे "माझ्या मुलाला मेरिट स्कॉलरशिप मिळाली" असं पॉटलकमध्ये कुणी ऐकवलं, तर अभिनंदन करा आणि भात वाढून घ्या. तिथं ती जवळजवळ सगळ्यांना मिळते.

खरा घोळ नेट प्राइस कॅल्क्युलेटरचा, म्हणजे मदत वजा जाता तुम्हाला किती पडेल याचा अंदाज देणाऱ्या गणकाचा. २०११ पासून कायद्यानं तो कॉलेजांच्या साइटवर असतो, आणि साधारणपणे मूल नागरिक किंवा ग्रीन कार्डवालं आहे असं धरून चालतो. तुमचं मूल एच-४ वर असेल तर फेडरल (केंद्र सरकारची) ग्रँट नाही, फेडरल कर्ज नाही, वर्क-स्टडी (सरकारी मदतीतलं अर्धवेळ काम) नाही. एच-४ वरच्या मुलाला कॅम्पसवर ग्रंथालयात पुस्तकं लावायचे पैसेही घेता येत नाहीत. आमच्या ओळखीच्या एका घरानं कॅल्क्युलेटरचा आकडा प्रमाण मानून राज्याच्या विद्यापीठाची जागा सोडली, अशा एका छोट्या कॉलेजात डिपॉझिट भरलं, आणि उन्हाळ्यात वर्षाला आठ हजार डॉलरचं भगदाड समोर आलं. तेव्हा पुन्हा सांगतो: तो आकडा तुमचा नाही. कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या ऑफिसला ईमेल करा, "एच-४ आहे, तुमच्या स्वतःच्या निधीतून किती देणार?" असं स्पष्ट विचारा आणि लेखी उत्तर येईपर्यंत डिपॉझिट भरू नका. फोनवरचं गोड बोलणं धरायचं नाही. इथले लोक फोनवर फारच गोड बोलतात.

धाकटं इथं जन्मलेलं असेल तर त्याची गोष्ट वेगळी. ते नागरिक, आईबाप एच-१ वर असले तरी फाफ्सा, म्हणजे फेडरल मदतीचा अर्ज, भरता येतो. भराच. फक्त त्याच्या पत्रातली बेरीज फसवी असते. समजा ट्यूशन ४०,०००, राहणं-खाणं १२,०००. पत्रात लिहिलेलं असतं: स्कॉलरशिप २२,०००, कर्ज ५,५००, वर्क-स्टडी २,५००, एकूण मदत ३०,०००, तुम्ही भरायचे २२,०००. कर्ज तुम्हीच फेडणार, वर्क-स्टडी पोरगं राबून कमावणार. खरा आकडा ३०,०००, वर पुस्तकं आणि आरोग्य विमा. अमेरिकी सरकारच्याच लेखा कार्यालयानं, जीएओनं, २०२२ मध्ये सांगितलं की ९१ टक्के कॉलेजं पत्रात निव्वळ खर्च देत नाहीत किंवा कमी दाखवतात.

आणि हे ३०,००० चारनं गुणू नका. स्कॉलरशिपची रक्कम बहुधा गोठलेली असते, फी वाढते. वर्षाला ४ टक्के धरले तरी चौथ्या वर्षी ट्यूशन ४५,००० च्या आसपास जातं आणि स्कॉलरशिप २२,००० वरच. शिवाय किती जीपीए राखावा लागतो ते बघा. पहिल्या सत्रात केमिस्ट्रीनं भल्याभल्यांना खाली आणलंय.

घासाघीस करायला लाजू नका. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून वाद घालणारी आपली माणसं इथं मुकाट्यानं चेक लिहितात. छोट्या कॉलेजांना जागा भरायच्या असतात. दुसऱ्या कॉलेजचं पत्र जोडून, नोकरी गेली किंवा गावाकडे आईवडिलांच्या औषधपाण्याला पैसे पाठवता तर तेही कागदांसह लिहून, नम्रपणे अपील करा. दोन-तीन हजार वाढलेले मी पाहिले आहेत. नाहीही वाढत.

आरोग्य विमा: तुमच्या नोकरीचा विमा असेल तर वेळेत वेव्हर (कॉलेजचा विमा नको, असा फॉर्म) भरा, नाहीतर कॉलेजचा माथी बसतो.

शेवटचं, एच-४ वाल्यांसाठीच. एकविसाव्या वाढदिवसाला एच-४ संपतो, म्हणजे बहुतेक मुलांच्या तिसऱ्या वर्षात. त्याआधी एफ-१ हा विद्यार्थ्यांचा व्हिसा करून घ्यावा लागतो आणि त्यासाठी पैसे कुठून येणार ते दाखवावं लागतं. एफ-१ झाल्यावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत कॅम्पसवर काम करता येतं, हा त्यातल्या त्यात फायदा. पण स्टेटस बदलल्यावर स्कॉलरशिप तीच राहणार का, हे प्रवेश घेतानाच त्याच ईमेलमध्ये विचारून ठेवा.