कर्म की विधानपूरक?

इंग्रजी वाक्यात क्रियापदानंतर आलेले नाम कर्म आहे की कर्त्याविषयी सांगणारे विधानपूरक, हे ठरवताना केवळ त्याच्या जागेवर विसंबू नये. 'शी मेट अ डॉक्टर' आणि 'शी बिकेम अ डॉक्टर' यांची ठेवण सारखीच दिसते, पण पहिल्या वाक्यात व्यक्ती दोन आहेत, म्हणून तेथे 'डॉक्टर' हे कर्म, आणि दुसऱ्यात एकच, म्हणून तेथे ते विधानपूरक. शंका उरल्यास कर्मणी प्रयोग करून पाहावा. 'बिकेम'चा तो होतच नाही.

खरी गफलत 'टेस्ट'सारख्या, कधी कर्म तर कधी विधानपूरक घेणाऱ्या दुहेरी क्रियापदांत होते. 'द कुक टेस्टेड द सूप' यात सूप हे कर्म आहे, तर 'द सूप टेस्टेड गुड' यात 'गुड' हे सूपचेच वर्णन करते, म्हणून तेथे 'वेल' हे क्रियाविशेषण चालत नाही. मराठीतही 'सूप खारट लागले' यातला खारटपणा सूपचाच असतो, लागण्याचा नव्हे.